काम गेलं, फोटो उरला

परवा तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाच्या तयारीची बैठक होती. पत्रकार म्हणून मीही जाऊन बसलो. चहा झाला, मंडपाचं ठरलं, पाहुणे कोण बोलवायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी विषय निघाला श्वान स्पर्धेचा. यंदा ती 'मोठ्या शहरातल्यासारखी' करायची म्हणे. म्हणजे काय, तर खाली गालिचा, मागे फ्लेक्स, त्यापुढे कुत्रं उभं करायचं आणि १०० पैकी ७० गुण उभं राहण्याला नि दिसण्याला.

मागे बसलेल्या एका मेंढपाळानं विचारलं, "आन् पळण्याला किती?"

उत्तर आलं, "पळताना फोटो नीट येत नाही हो."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण जगभरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात आला होता. आणि दुसरं कारण म्हणजे, त्या इतिहासात माझाही एक लहानसा गुन्हा आहे. तो आधी सांगून टाकतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. असंच एक प्रदर्शन, दुपारचे दोन, डोक्यावर ऊन. मला पहिल्या पानासाठी फोटो हवा होता. एका हौशी मालकानं पग आणला होता. तेच ते, हचच्या जाहिरातीतलं चपट्या तोंडाचं कुत्रं. २००३ च्या सुमाराला ती जाहिरात टीव्हीवर आली आणि तोवर पग हा शब्दही न ऐकलेल्या गावांत ते कुत्रं दिसायला लागलं, हे तुम्हालाही आठवत असेल. तर मी त्या मालकाला म्हटलं, "जरा स्टेजवर उभं करा. मान वर. हां, अजून एकदा." असं पाच-सहा वेळा. पगानं जीभ बाहेर काढली, तोंड पसरलं, मी क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली ओळ माझीच : 'प्रदर्शनात पग खुदकन हसला!'

दहा वाजता एका पशुवैद्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "अहो, तो हसत नव्हता. त्याला धाप लागली होती. संध्याकाळी माझ्याकडे आणला होता. वाचला, पण थोडक्यात."

तो फोटो त्या वर्षी सगळ्यात जास्त शेअर झालेला माझा फोटो होता.

तेव्हापासून मी या विषयाचं जमेल तसं वाचतोय, जुने फोटो बघतोय. त्यातून जे कळलं ते आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण बैठकीचा निर्णय अजून कागदावर पक्का व्हायचाय, म्हणून वेळेत वाचा.

सुरुवात इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावापासून. कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन म्हणून जे सांगितलं जातं ते तिथं २८ आणि २९ जून १८५९ ला भरलं. साठ कुत्री होती, आणि जाती फक्त दोन : पॉइंटर आणि सेटर. दोन्ही शिकारीची कुत्री. झुडपात पक्षी दडलाय हे वासानं कळलं की पॉइंटर जागच्या जागी थिजतो, पुढचा एक पाय उचलतो, नाक त्या दिशेला धरतो. मागून बंदूकवाला येतो. म्हणजे निश्चल उभं राहणं हेच त्याचं काम. प्रदर्शनात बक्षीसही बंदुकीचंच होतं. कामाच्या कुत्र्याला कामाचं बक्षीस, असा सरळ हिशेब होता.

गंमत बघा, याच न्यूकॅसलात त्याआधी थॉमस ब्युइक नावाचा लाकडावर चित्रं कोरणारा मोठा कलाकार होऊन गेला. तो १८२८ ला वारला. त्या काळात इंग्लंडातल्या श्रीमंत जमीनदारांना आपल्या बैलांची, मेंढ्यांची चित्रं काढून घ्यायचं वेड होतं. जनावर जितकं चौकोनी आणि चरबीदार दिसेल तितका मालकाचा मान मोठा, आणि पैदाशीचा दरही मोठा. ब्युइकनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्याला मेंढ्यांची चित्रं काढायला नेलं आणि सांगितलं, इथं चरबीचा गोळा दाखव, तिथं दाखव. त्याला मेंढीच्या अंगावर ते गोळे दिसेनात. दिसत नाही ते मी काढणार नाही म्हणून त्यानं नकार दिला. दुसरे चित्रकार मिळालेच. आजही त्या काळची चित्रं पाहिली तर पेटीएवढ्या चौकोनी अंगाला काडीसारखे पाय लावलेले बैल दिसतात.

म्हणजे जनावर आहे तसं दाखवायचं की मालकाला हवं तसं, हा वाद कॅमेऱ्याच्याही आधीचा.

आता बुलडॉगकडे या. नावातच बैल आहे. खांबाला बांधलेल्या बैलावर कुत्री सोडायची, कुत्र्यानं बैलाचं नाक पकडून लोंबकळायचं आणि लोकांनी पैजा लावायच्या, असा खेळ इंग्लंडात शेकडो वर्षं चालला. १८३५ ला कायदा करून तो बंद झाला. चांगलंच झालं. पण बुलडॉग बेकार झाला. २५ वर्षांनी प्रदर्शनांची टूम निघाली. १८६० ला बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात शिकारीखेरीज इतर जातीही आल्या, आणि या बेकार कुत्र्याला नवं काम मिळालं : दिसण्याचं. १८६४-६५ च्या सुमाराला बुलडॉग कसा असावा याचं वर्णन लिहून काढलं गेलं. अशा वर्णनाला तिकडे 'ब्रीड स्टँडर्ड' म्हणतात. डोकं मोठं, नाक आखूड, छाती रुंद. बैल पकडायला जे लागतं असं मानलं जायचं, तेच सगळं त्यात होतं. फक्त बैल नव्हता. थांब, आता पुरे, असं सांगणारा तो बैलच होता. नाक फारच आत गेलं तर कुत्र्याला श्वास घेता आला नसता आणि तो कामातून गेला असता. प्रदर्शनात तसं सांगणारं कुणी उरलं नाही. आखूड नाकाला बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी त्याहून आखूड.

परिणाम? ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉगची दहापैकी आठाहून जास्त वेतं सिझेरियननं झालेली आढळली. पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद. सिझेरियन न करता ही जात पुढं चालणंच अवघड झालंय.

संस्था उभ्या राहिल्या त्या याच काळात. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. न्यूयॉर्कचं वेस्टमिन्स्टर प्रदर्शन १८७७ ला सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी बाराशेवर कुत्री आली. चार्ल्स क्रुफ्ट हा माणूस तर कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत कामाला होता. विकता विकता त्याला कळलं की लोक कुत्रं बघायलाही पैसे मोजतात. १८९१ पासून त्याच्या नावानं लंडनमध्ये प्रदर्शन भरू लागलं. तेच आजचं क्रुफ्ट्स. आता ते बर्मिंगहॅमला मार्चमध्ये चार दिवस भरतं आणि हजारोंनी कुत्री येतात.

आणि याच काळात कॅमेरा आला. लंडनमध्ये थॉमस फॉल या नावाचा स्टुडिओ कुत्र्यांच्या फोटोंसाठीच नावाजला. राणी अलेक्झांड्राच्या कुत्र्यांचेही फोटो त्यानं काढले. काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचा म्हणजे कुत्रं हललं की गेलं. त्यामुळे बाजूनं, चारी पाय दिसतील असं, स्थिर उभं केलेलं कुत्रं हीच फोटोची रीत झाली. तोच फोटो मासिकात छापायचा, त्यावरून पिल्लं विकायची, आणि न पाहिलेल्या माणसानं तो बघून ठरवायचं, की या जातीचं कुत्रं असं असतं. अमेरिकेत विसाव्या शतकात रुडॉल्फ टॉस्की नावाचा फोटोग्राफर सगळ्यात मोठा मानला जायचा. तो डार्करूममध्ये कुत्र्याची पाठ सरळ करायचा, मान सुबक करायचा. फोटोशॉप यायच्या कितीतरी आधी! त्याचे फोटो पाहून लोक आपल्या कुत्र्यात तशी पाठ शोधायचे. ती मूळ कुत्र्यातही नसायची.

आता तिथं प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो, कारण आपल्या बैठकीत 'शहरातल्यासारखं' म्हणजे हेच डोळ्यांपुढे होतं.

रिंगणात कुत्रं घेऊन येणाऱ्याला हँडलर म्हणतात. हे पैसे घेऊन करणारे लोकही असतात. कुत्रं हँडलरच्या डाव्या हाताला आणि पळायचं घड्याळाच्या उलट्या दिशेनं. म्हणजे मधे उभ्या असलेल्या जजला कुत्र्याची डावी बाजू सतत दिसते. मग उभं करायचं. याला 'स्टॅक' करणं म्हणतात. पुढचे पाय खांद्याखाली खांबासारखे सरळ. मागचे पाय थोडे मागं घ्यायचे, इतके की त्यांचा खालचा भाग जमिनीशी काटकोनात येईल. गळ्यातली बारीक दोरी कानांमागं वर घेतली की मान उंच दिसते. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. काही हँडलर तर तो तुकडा स्वतःच्या तोंडात धरतात, म्हणजे कुत्रं एकटक तोंडाकडे बघतं! लहान जातीचं कुत्रं टेबलावर. जज दात बघतो, हातानं हाडं चाचपतो. हँडलरचे कपडेसुद्धा कुत्र्याच्या रंगाला उठाव देतील असे निवडलेले असतात. काळं कुत्रं असेल तर काळा कोट घालत नाहीत.

फोटोची तऱ्हा वेगळी. फोटोग्राफर जमिनीवर बसतो. कॅमेरा कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीला. आपण उभ्यानं काढतो तसा वरून काढला तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. लेन्स जरा लांबची, म्हणजे नाक फुगत नाही. कुत्रं नीट उभं राहिलं की बाजूला एक जण चूंचूं वाजणारं खेळणं फेकतो. कान टवकारतात, डोळ्यांत चमक येते, तेवढ्यात क्लिक. नंतर कॉम्प्युटरवर गळ्यातली दोरी पुसून टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, काय ऐटीत उभं आहे, स्वतःहून!

हे सगळं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कुत्र्याला हात लावू द्यायला शिकवणं, गर्दीत शांत राहायला शिकवणं, ही मेहनत आहे आणि त्यात माया असते. हे लोक कुत्र्याला पोटच्या पोरासारखं जपतात. त्या फोटोग्राफरकडून तर मी शिकलोच. आता मीही गुडघ्यावर बसूनच फोटो काढतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ते उभं राहणं कुत्र्याचं वर्णन करत होतं तोवर ठीक होतं. पुढं कुत्रंच त्या उभं राहण्यासाठी घडवायला लागले.

सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मन शेफर्डचं. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणायचे ते. १८९९ ला जर्मनीत कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात माक्स फॉन स्टेफानित्स या माजी लष्करी अधिकाऱ्यानं एक कुत्रा पाहिला आणि विकत घेतला. त्याचं नाव ठेवलं होरांड. या जातीचा नोंदलेला पहिला कुत्रा तो. स्टेफानित्सचा आग्रह एकच, कुत्रा मेंढरांमागं दिवसभर राबणारा पाहिजे. होरांडचे फोटो उपलब्ध आहेत. पाठ सरळ, अगदी आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मेंढरांमागच्या कुत्र्यांसारखी.

या जातीला उभं करायची एक खास पद्धत पडली. मागचा एक पाय पोटाखाली, दुसरा लांब मागं. त्यामुळे पाठ खांद्यापासून शेपटीकडे उतरती दिसते. फोटोत ते डौलदार दिसतं, पुढं झेप घेणार असं वाटतं. मग तोच उतार कुत्र्याच्या हाडांतच आणायला सुरुवात झाली. २०१६ ला क्रुफ्ट्समध्ये आपल्या जातीत पहिली आलेली एक शेफर्ड मादी टीव्हीवर दिसली. पाठ इतकी उतरती, मागचे पाय असे अडखळणारे, की प्रेक्षकांनी गदारोळ केला. त्यानंतर ब्रिटनच्या केनेल क्लबनं या जातीच्या मानकात एक गोष्ट घातली : कुत्र्याला कुणाच्याही आधाराशिवाय शांतपणे उभं राहता आलं पाहिजे.

पुन्हा वाचा. कुत्र्याला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, हे लिहून ठेवावं लागलं!

त्याआधी २००८ ला बीबीसीनं या प्रदर्शनी कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला होता. इतका वाद झाला की पुढच्या वर्षीपासून बीबीसीनं क्रुफ्ट्स दाखवणंच सोडलं. २०१२ ला क्रुफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी सुरू केली, तर पहिल्याच वर्षी सहा जातींचे विजेते नापास झाले. बुलडॉग त्यात होताच. जजनं पहिला नंबर दिलेला, डॉक्टरनं पुढच्या फेरीत जाऊ न दिलेला.

पण त्यांनी एक केलं हे मान्य करायला हवं. चुकलं ते उघडपणे मोजलं, नियम बदलले. शेपट्या-कान कापण्याबाबतही तसंच. कान कापलेली कुत्री ब्रिटनच्या प्रदर्शनांतून १८९८ लाच बाद केली होती.

आता आपल्या दाराशी या.

आपलं कारवान कुत्रं. सीमेपलीकडे मुधोळला त्याला मुधोळ म्हणतात आणि त्या नावानं २००५ ला टपाल तिकीटही निघालं. अंगावर मांस नाही, पोट पाठीला लागलेलं, छाती खोल, पाय लांब. पाहुणा विचारतो, "याला खायला घालत नाही का?" पण हे शरीर माळावर सशामागं पळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं आहे. कुणी फोटो बघून घडवलेलं नाही. जे पळालं नाही त्याची पैदास कुणी ठेवली नाही, इतका साधा कारभार.

पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. चांगलंच झालं, ससा-हरीण वाचायलाच हवेत. फक्त एक लक्षात घ्या. १८३५ ला इंग्लंडात बुलडॉगचं काम गेलं, तसंच आपल्या कारवानचं गेलं. राखणीचं थोडं उरलंय, तेही कमी होतंय. बुलडॉगला त्यानंतर प्रदर्शनानं उचललं. कारवान आत्ता नेमका त्या जागी उभा आहे. आणि त्याच्यापुढं गालिचा नि फ्लेक्स लावून १०० पैकी ७० गुण दिसण्याला द्यायचे ठरवणारी माणसं लंडनची नाहीत. आपणच आहोत.

आत्ताच बदल दिसू लागलाय. बाजारात पिल्लू घेताना गिऱ्हाईक मोबाईल काढून फोटो दाखवतं, "असं पाहिजे." आई-बाप पळतात कसे, हे कुणी विचारत नाही. जास्त उंच, जास्त बारीक, जास्त खोल पोट. फोटोत उठून दिसतं ना!

प्रदर्शनं बंद करा असं मी म्हणणार नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-गुरांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. माणसं लांबून कुत्री घेऊन येतात, एकमेकांची जनावरं बघतात, पैदाशीची बोलणी होतात. देशी जात टिकवायची असेल तर लोकांनी ती बघायला पाहिजे, तिला मान मिळायला पाहिजे. मान कशाला द्यायचा एवढाच प्रश्न आहे.

म्हणून समितीतल्या मंडळींना, जे बरेचसे माझे मित्रच आहेत, जाहीर विनंती. निम्मे गुण चालण्या-पळण्याला ठेवा. त्यासाठी ससा लागत नाही, शंभर पावलांची मोकळी पट्टी आणि पलीकडून हाक मारणारा मालक पुरे. कुत्रं दोरी सैल सोडून स्वतःहून उभं राहतं का ते बघा. मान आवळून उभं केलेलं धरू नका. नंबर काढण्याआधी पशुवैद्यांना श्वास, सांधे, दात बघू द्या, आणि त्यांचा शब्द शेवटचा माना. वेळ सकाळी आठची ठेवा. सावली आणि पाणी हवं. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उन्हात स्टेजवर चढवूच नका. याला खर्च किती? फ्लेक्सपेक्षा कमीच.

आणि फोटोचं म्हणाल तर पळणाऱ्या कुत्र्याचा फोटो नीट येत नाही, हे खोटं आहे. कष्ट पडतात, शंभरातले नव्वद वाया जातात, एवढंच. ते काम माझ्याकडे द्या. मी सकाळी सात वाजता येऊन पट्टीच्या टोकाला गुडघ्यावर बसतो. पैसे नकोत.

बैठकीतले ते मेंढपाळ काका नंतर चहाच्या टपरीवर भेटले. मी विचारलं, "काका, यंदा आणणार का तुमचा कुत्रा?" म्हणाले, "उभं राहायचं आसंल तर नाय आणत. पळायचं आसंल तर सांगा."

पुढची बैठक सोमवारी आहे. कुणाला काही सुचवायचं असेल तर खाली लिहा, मी सगळं वाचून समितीपुढं ठेवीन. आणि काकांना काय सांगायचं तेही तुम्हीच सांगा.